सुट्या गोळ्या

माझ्या सासरचं मेडिकल आहे. लग्न ठरलं तेव्हा माझी मावशी म्हणाली होती, "नशीब काढलंस बाई, आता औषधासाठी दारोदार फिरायला नको." जळलं मेलं ते नशीब.

दुकान खाली आणि आम्ही वर. काउंटरवर सासरे बसतात. त्यांना सगळा रस्ता अण्णा म्हणतो, म्हणून मीही अण्णाच म्हणते. शेजारी नवरा. दोघंही शिकलेले फार्मासिस्ट, दोघांची सर्टिफिकेटं भिंतीवर काचेत लावलेली. मी मात्र त्या पांढऱ्या कोटातली नाही. मी सोफे दुरुस्त करते. बाबांचं वर्कशॉप होतं, त्यांचे हात थरथरायला लागले तसं ते माझ्याकडे आलं. जुनं कापड फाडायचं, गंजलेल्या स्प्रिंगा उपसायच्या, लाकडी सांगाड्याला गुडघा टेकवून पट्टा जीव खाऊन ओढायचा आणि दुसऱ्या हाताने खिळा ठोकायचा. ताकदीचं काम आहे. पट्टा ढिला राहिला तर गिऱ्हाईक बसतं ते थेट जमिनीवर.

आणि नेमका पट्टा ओढतानाच पोटात डावीकडे कुणीतरी पक्कड घालून पिळल्यासारखी कळ यायची. पाळीच्या आधी, पाळीत, पाळीनंतर. विचारलं की सगळ्यांचं एकच पालुपद, बाईच्या जातीला दुखायचंच. शेवटी एकदा वर्कशॉपातच चक्कर येऊन पडले आणि डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तेव्हा कुठे त्या दुखण्याला नाव मिळालं. एन्डोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर, नको तिथे वाढतं. दर महिन्याला तिथेही रक्त सुटतं, पण त्याला बाहेर यायला वाटच नसते. माझ्या डाव्या अंडाशयात त्या साचलेल्या रक्ताची गाठ झाली होती. तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. हे नाव ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा.

गाठ तेव्हा लहान होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज एक गोळी, न चुकता. अस्तर सुकेल, गाठ वाढायची थांबेल, कदाचित आटेलही. गोळी चालू असेतो सहसा दिवस राहत नाहीत, मूल हवं असेल तेव्हा ती बंद करायची. मला हे फार पटलं, कारण मला मूल हवं आहे. हे आधीच सांगून ठेवते. "नंतर" म्हटलं की लोक त्याचा अर्थ "नको" असा लावतात. मला हवंच होतं, पण दोन वर्षांनी. वर्कशॉपचा जम नुकता बसत होता, एका नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्यांचं काम मिळालं होतं, दिवसभर गोंदाचा वास आणि धूळ. घरी जेवताना हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "चालेल की. तू म्हणशील तसं." सासूबाईंनी भांडी जरा जोरात आवरली.

गोळ्या अर्थात घरच्याच. नवरा दर आठवड्याला स्ट्रिपमधून काढून, कागदी पाकिटात घालून उशाशी ठेवायचा. सुट्या गोळ्या द्यायची त्यांच्या दुकानाची जुनीच पद्धत. म्हाताऱ्यांना स्ट्रिप फोडता येत नाही, मग अण्णा गोळ्या काढून देतात आणि पाकिटावर सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र काढतात. माझ्या पाकिटावर नवरा चंद्र काढायचा आणि त्या चंद्राला हसरं तोंड. वर्कशॉपात शिवणाच्या मशीनवर बसणाऱ्या काकू म्हणायच्या, "औषधसुद्धा लाडाने देतो बाई तुझा नवरा. आमच्याकडे पाणी मागितलं तर नळ दाखवतात." मी हसायचे. मला खरंच बरं वाटायचं.

वर्षभर मी एक गोळी चुकवली नाही. आणि दुखणं? जैसे थे. उलट वाढलंच. पाळीसुद्धा यायचीच. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, काहींना वेळ लागतो, अजून थोडी वाट पाहू. शेवटी परत सोनोग्राफी केली, आणि लिंबाएवढी गाठ संत्र्याएवढी झालेली निघाली. उजवीकडेही एक बारीकशी दिसत होती.

त्या दिवशी नवरा बरोबर होता. "गोळीचा काहीच उपयोग झालेला दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असं कमी पेशंटमध्ये होतं, पण होतं." रक्ताच्या तपासणीत अंड्यांचा साठाही वयाच्या मानाने बराच खाली आला होता. मग त्या एकेक वाट सांगत गेल्या आणि मी ऐकत गेले, आणि प्रत्येक वाटेवर एक खड्डा होताच. ऑपरेशन करावं, तर गाठ सोलून काढताना अंडाशयाचा चांगला भागही थोडा निघतो आणि उरलीसुरली अंडी त्यातच असतात. इंजेक्शनं घ्यावीत, तर पाळी बंद होते, हाडं ठिसूळ होतात, आणि एवढ्या मोठ्या गाठीवर त्यांचा भरवसा नाही. मूल लगेच करावं, तर ते आपोआप राहील याची खात्री नाही, टेस्ट ट्यूबच करावी लागेल बहुतेक. नाहीतर आधी अंडी काढून गोठवून ठेवायची आणि मग ऑपरेशन. त्याच्यासाठी पुन्हा इंजेक्शनं, आणि अंडी किती हाती लागतील ते देव जाणे.

"पण मूल झालं की हे आपोआप बरं होतं ना?" नवऱ्याने मध्येच विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "गरोदरपणात काही जणींना आराम पडतो, तेवढंच. मूल हे औषध नाही. तुम्ही तर मेडिकलवाले, तुम्हाला माहीत असायला हवं."

त्याने मान हलवली आणि गाडी काढायला म्हणून उठून गेला. ठरेपर्यंत गोळी सोडू नका, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी टेबलाच्या खणातून एक सॅम्पलची स्ट्रिप माझ्या हातात दिली. ती मी पर्समध्ये टाकली आणि विसरून गेले.

घरी येऊन बघते तर उंटावरचे शहाणे आधीच जमलेले. सासूबाई म्हणाल्या, "ऑपरेशन-बिपरेशन काही नको. एकदा कूस उजवली की सगळं जागेवर येतं." सासूबाईंची बहीण फोनवरून म्हणाली, सोफ्याचं काम सोडा, वजनं उचलून गाठी होतात. काकू म्हणाल्या, "काढून टाक सगळं, कटकट मिटेल. माझ्या जावेने काढलं, आता खुशाल हिंडते." तिची पोरं कॉलेजात आहेत, माझं अजून एकही नाही, पण हे काकूंना कोण सांगणार? ज्याचं जळतं त्याला कळतं. बाबांची तऱ्हा वेगळी. मी पट्टा ओढताना कळ येऊन थांबले की ते उठून दुसरं टोक धरायचे, त्या थरथरत्या हातांनी.

नवऱ्याचं एकच टुमणं. "आत्ताच करू. ऑपरेशन करून अंडी घालवायची कशाला? आधी मूल, मग काय कापायचं ते कापू दे." आणि खरं सांगायचं तर मी त्याच्या बाजूला कलत चालले होते. मला वाटलं, माझ्याच शरीराला गोळी लागू पडली नाही, आता कुठवर हट्ट करू? नाट्यगृहाच्या खुर्च्या काकू आणि बाबा मिळून ओढतील कशातरी. मी मनाची तयारी केली होती. रविवारी संध्याकाळी त्याला हो सांगणार होते.

रविवारी दुपारी पाकीट संपलं. नवरा होलसेलवाल्याकडे गेला होता. मला पर्समधली ती सॅम्पलची स्ट्रिप आठवली. एक गोळी काढली तर ती पांढरी. माझी पिवळी असायची, हिच्यापेक्षा बारकी. पाकिटाच्या कोपऱ्यात एक अडकून राहिली होती, ती शेजारी ठेवून पाहिली. मनात काहीही आलं नाही, देवाशप्पथ. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो, एवढं मलाही लग्नानंतर कळायला लागलं होतं. फक्त आज एक घेतली, उद्या दुसरी घेतली तर चालेल का, तेवढं विचारायला मी दोन्ही गोळ्या घेऊन खाली दुकानात गेले.

अण्णा शटर अर्धं ओढून पेपर वाचत बसले होते. "अण्णा, ह्या दोन्ही एकच ना?"

त्यांनी पिवळी गोळी तळहातावर घेतली, चष्म्याखालून पाहिली, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! "अगं लबाड! आणि आम्हाला सांगायचं नाही होय? कितवा महिना?"

"कसला महिना?"

"आता माझ्यापासून काय लपवतेस? ही फॉलिकची गोळी. दिवस गेलेल्या बाईला देतात, नाहीतर बाळासाठी थांबलेल्या बाईला. आयुष्य गेलं माझं ही वाटण्यात." आणि जिन्याकडे तोंड करून ओरडले, "अगं, खाली ये आधी! आजी होणार तू!"

सासूबाई जिन्यात आल्या. नातवंडाच्या नुसत्या विषयाने ज्या बाईच्या डोळ्यांत पाणी यायचं, ती बाई आजी होणार म्हटल्यावर धावत खाली यायला हवी होती. त्या मध्येच थांबल्या. अण्णांच्या हातातल्या गोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कठड्याला धरून खालच्या पायरीकडे बघत उभ्या राहिल्या. सगळं मला तिथेच समजलं. अण्णांना समजायला वेळ लागला.

"ही तुला कुणी दिली?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या मुलाने. वर्षभर. गाठीच्या गोळीच्या जागी."

अण्णा स्टुलावर बसले. सगळ्या रस्त्याला शिस्त शिकवणारा माणूस, चिठ्ठी नसेल तर सख्ख्या भावाला झोपेची गोळी न देणारा. मला वाटलं, आता हा माणूस पेटून उठेल. ते उठले खरे. त्यांनी आधी शटर पूर्ण खाली ओढलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हे बाहेर कुठे बोलू नकोस, पोरी. लायसन्स जाईल."

कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि शेताने आवाज करू नये अशी कुंपणाच्या बापाची विनंती होती.

नवरा खोका खांद्यावर घेऊन मागच्या दाराने आला तेव्हा आम्ही तिघं तशीच बंद दुकानात, ट्यूबलाइटखाली. मी पिवळी गोळी काउंटरवर ठेवली. त्याने नाही म्हटलं नाही, एवढं श्रेय त्याला देते. खोका खाली ठेवून म्हणाला, "अगं, मी काही विष नाही दिलं तुला. व्हिटॅमिन आहे ते. चांगलंच असतं बाईला. आम्ही एकाची दुसरी गोळी रोजच देतो की."

"एका कंपनीची दुसरी देता! तू औषधच बदललंस!"

"काउंटरवर रोज बायका येतात. मूल झालं आणि दुखायचं थांबलं, म्हणतात. मला वाटलं, ती गोळी पोटात नसली की तुला लवकर राहील. दुखणं जाईल, मूलही होईल. तुझ्याच भल्याचं होतं ना? आई म्हणाली, नंतर नंतर करत हिचं वय निघून जाईल."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

किती सरळ उत्तर. आणि मग एकेक आठवायला लागलं. पाळी आली की त्याचं तोंड उतरायचं. मला वाटायचं, माझं दुखणं त्याला बघवत नाही. मी गुडघे पोटाशी घेऊन पडलेली असायचे आणि हा गरम पाण्याची पिशवी आणून द्यायचा, पाठीवरून हात फिरवायचा, आणि मनात म्हणत असायचा, याही महिन्यात गेलं वाया. मी ओरडले. काय काय ओरडले ते आठवत नाही, एवढं आठवतं की मी म्हणाले, "मला मारलं असतंस तर बरं झालं असतं, निदान वळ तरी दिसला असता!"

"आम्ही काय तुझे वैरी आहोत का?" सासूबाई जिन्यातून म्हणाल्या.

"वैऱ्याच्या हातचं औषध मी घेतलं नसतं," मी म्हणाले. त्या संध्याकाळी बॅग भरली आणि बाबांकडे गेले. जाताना अण्णांनी मागून येऊन माझ्या हातात पिशवी कोंबली. आत खऱ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा होत्या, चांगल्या पाचसहा महिन्यांच्या. दुकानातला सगळा साठाच काढून दिला असावा. चोराच्या उलट्या बोंबा तरी कळतात, पण ह्याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी माझी फाइल ओढून पहिल्या पानापासून पुन्हा चाळली. "म्हणजे गोळी फेल गेलेलीच नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "ती पोटात गेलीच नाही."

"घेतली असती तर थांबली असती गाठ?"

"छातीठोक सांगणार नाही. पण बऱ्याच जणींची थांबते. तुम्हाला संधी तरी मिळाली असती."

"मग आता सुरू करू?"

"सुरू करायचीच. पण ही गाठ आता गोळीची राहिली नाही. फुटली किंवा पिळली गेली तर अख्खं अंडाशय जाईल. ऑपरेशन टळत नाही. त्याच्या आधी जे वाचवता येईल ते वाचवून ठेवू."

म्हणजे सगळ्यात पहिली, सगळ्यात सोपी वाट माझ्याकडून आधीच काढून घेतलेली होती, आणि उरलेल्यांतून निवड, असं मला सांगत होते. मी रात्रंदिवस तोलून बघत होते, ऑपरेशन की इंजेक्शन, मूल आता की नंतर. तराजूच खोटा होता. मी वर्कशॉपात येऊन त्या दिवशी एका आरामखुर्चीचं कापड असं फाडलं की काकू मशीन थांबवून बघत राहिल्या.

नवरा रोज फोन करायचा. रडायचा. माफी मागायचा आणि त्याच दमात म्हणायचा, "पण आपण अजूनही करू शकतो ना मूल?" अंडी गोठवायचं ठरलं म्हटल्यावर तो म्हणाला, मी येणारच, नवरा आहे मी, असा हक्क थोडाच जातो. मी म्हटलं, ये. एकदा समोर बसून ऐकू दे त्यालाही.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत, मुलगी बघायला आल्यासारखा. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहणं टाळलं, पण त्यांना त्यांचं काम करायचं होतं. त्या मला म्हणाल्या, "एक गोष्ट तुम्हाला ठरवावी लागेल. नुसती अंडी गोठवता येतात, किंवा नवऱ्याच्या बीजाशी मिळवून गर्भ तयार करून ते गोठवता येतात. तुमची अंडी मोजकीच मिळतील. नुसत्या अंड्यांतली काही पुढे कामी येत नाहीत, आणि ते तेव्हाच कळतं. गर्भ केले तर हातात काय आहे ते आत्ताच कळतं. लग्न झालेल्यांना आम्ही सहसा गर्भच सुचवतो. पण तुमची परिस्थिती मला माहीत आहे. मी फक्त खरं काय ते सांगतेय."

नवरा खुर्चीत पुढे सरकला. "गर्भच करू," तो म्हणाला. "डॉक्टर, मी आज तयार आहे. लागेल ते सांगा."

मी त्याच्याकडे पाहिलं. वाईट दिसत नाही माणूस. मुलांचा त्याला लळा आहे, दुकानात कुणाचं पोर रडायला लागलं की काउंटर सोडून पुढे येतो. चांगला बाप झाला असता. आणि मला माहीत होतं की मी आत्ता जे म्हणणार आहे त्याने कदाचित माझंच नुकसान होईल. थोडीशी अंडी, त्यातली काही बाद, उरलेल्यांचा भरवसा नाही. हो म्हटलं तर मूल हाताशी येण्याची शक्यता वाढत होती, आणि मला ते मूल हवंच होतं. पण त्या गोठवलेल्या प्रत्येक गर्भात अर्धा तो असणार, आणि तो गर्भ कधी ठेवायचा, कधी नाही, हे ठरवायला प्रत्येक वेळी मला त्याचं तोंड बघावं लागणार. ज्याने मला न विचारता एकदा ठरवलं, त्याच्याकडे मी आयुष्यभर विचारायला जायचं?

"नुसती अंडी," मी म्हणाले.

"अगं, ऐकलंस ना त्या काय म्हणाल्या?" त्याचा आवाज चढला. "वाया जातील म्हणतायत! आणि मग ह्या सगळ्यात माझं काय? माझं काहीच नाही?"

"तुझं आहे की," मी म्हणाले. "ती गाठ. वर्षभर तूच वाढवलीस ना माझ्या पोटात? ऑपरेशन झालं की काढलेलं बरणीत घालून नातेवाइकांना दाखवतात म्हणे. त्या दिवशी ये, आणि तुझं तू घेऊन जा."